आठल्ये सर तसं म्हणाले नव्हते

आमच्या शालूच्या घरी आठल्ये प्रोफेसरांची एक गोष्ट सांगतात. लग्नकार्यात सांगतात, पाहुणे जमले की सांगतात. परवा तिच्या नातवाच्या साखरपुड्यातही सांगितली. ती गोष्ट खोटी आहे. आज जे ती सांगतात त्यांच्यातलं कोणी तेव्हा तिथे नव्हतं. मी होते. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेव्हा फिरवून सांगणं मला जमत नाही. आधी माणूस सांगते, मग गोष्ट.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन मी ठाण्याला आले. नौपाड्यात चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. शेजारच्या खोल्यांत आठल्ये प्रोफेसर आणि त्यांची आई राहत. आईला सगळी चाळ माई म्हणे. दोन्ही बिऱ्हाडांच्या मध्ये भिंत नव्हती, फळ्या होत्या. त्यांच्याकडचं बोलणं आमच्याकडे आणि आमच्याकडच्या फोडणीचा वास त्यांच्याकडे, असा कारभार होता.

प्रोफेसर मुंबईच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत. उंच, थोडे पोक काढून चालणारे. धोतर, वर काळा कोट, बाराही महिने छत्री. लग्न केलेलं नव्हतं. कानावर लाल पेन्सिल असे. ती कानावर ठेवूनच जेवत आणि मग घरभर शोधत.

मी आले त्याच आठवड्यात जिन्यात ते भेटले. काही बोलावं म्हणून मी म्हटलं, "उद्या नळाला पाणी येणार नाही म्हणे."

ते थांबले. "कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांपैकी कोण?"

"खालच्या गोडबोलेबाई."

"त्यांना कोणी सांगितलं?"

मी नवी नवरी, डोक्यावर पदर, कमरेवर कळशी. म्हटलं, "त्यांना विचारा जाऊन."

ते खरंच गेले. गोडबोलेबाईंना दूधवाल्याने सांगितलं होतं, म्हणून दूधवाल्याकडे गेले. त्याने दुसऱ्याच आळीबद्दल ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं. चाळीतल्या सगळ्यांची भांडी आदल्या दिवशीच भरलेली होती, प्रोफेसरांची तेवढी रिकामी, कारण पाणी भरायच्या वेळी ते दूधवाल्याला शोधत होते. मी त्यांना म्हटलं, "भावोजी, शोध लावून तुमचा फायदा काय झाला?"

ते म्हणाले, "काही नाही." आणि कळशी घेऊन रांगेत उभे राहिले.

हा त्यांचा स्वभाव होता. कोणी काही सांगितलं की त्यांचं ठरलेलं, "पाहिलंत, ऐकलंत की वाचलंत?" पाहिलं म्हटलं तर कुठून पाहिलं. ऐकलं म्हटलं तर कोणाकडून. वाचलं म्हटलं तर कुठल्या पानावर. बाळकुमची भाजीवाली तर त्यांच्या दारात टोपली उतरवायची नाही. "पोपेसर, वांगी खायाची का इचारायची?" असं म्हणून पुढे जायची. मग माई गॅलरीतून तिला हाका मारत बसायच्या.

माईंचं आणि त्यांचं रोज वाजे. एकदा तिथीवरून काही चाललं होतं. माईंनी सांगितलं की तुझ्या वडिलांचं श्राद्ध अष्टमीला. ते म्हणाले, "माई, कशावरून?"

माई म्हणाल्या, "तू माझ्या पोटचा आहेस हे तरी मान्य आहे ना? त्यालाही दुसरा साक्षीदार नाही. सुईण मेली."

मग ते म्हणाले, "ते मी तुझ्या शब्दावर धरून चाललो आहे."

"उपकार झाले," माई म्हणाल्या, आणि ताट आपटल्याचा आवाज आला.

दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे मुलं येत. मुलं म्हणजे बाप्ये, मिशा फुटलेले. एम.ए.चे प्रबंध लिहीत होते. कोणी कल्याणहून येई, कोणी मुंबईहून. माईंच्या खोलीभर कागद पसरलेले असत आणि माई गॅलरीत पाटावर बसून तांदूळ निवडत. मुलांनी लिहून आणलेलं प्रोफेसर वाचत, आणि लाल पेन्सिलीने कडेला एकच शब्द लिहीत: ‘कुठून?’ एकदा एक कागद वाऱ्याने आमच्याकडे उडून आला. त्यावर मुलाचं लिहिणं कमी आणि ‘कुठून?’ जास्त होतं. मी परत द्यायला गेले तर ते पोरगं रडायच्या बेतात होतं.

दुसऱ्या एका मुलाने कुठल्याशा पुस्तकातली पानंच्या पानं उतरवून आणली होती. चांगल्या घरचा होता, कोटाला घडी होती. प्रोफेसर ओरडले नाहीत. फळीवर टकटक केली. "वहिनी, तुमचं एखादं पातेलं द्याल?"

मला वाटलं चहासाठी. लग्नातलं मोठं पितळी पातेलं होतं ते दिलं. त्यांनी ते त्या मुलाच्या पुढ्यात ठेवलं. "यावर काय कोरलंय, वाच."

त्याने वाचलं. माझं माहेरचं नाव, आणि पुढे ‘हिस मामाकडून सप्रेम भेट’.

"मामांनी वहिनींना दिलं. वहिनींनी मला दिलं. आता माईने यात खीर केली आणि तुला वाढली, तर खीर कोणाची?"

"माईंची, सर."

"पातेलं?"

"शेजारच्या वहिनींचं."

"तुला कसं कळलं?"

"नाव आहे, सर."

"हं. चाळीत कोणाकडे कार्य निघालं की सगळ्यांची भांडी एकत्र होतात. कोणी चोर म्हणत नाही, कारण नाव असतं. प्रबंध म्हणजे तेच. भांडी दहा घरची आणायची, त्यांच्यावरची नावं तशीच ठेवायची आणि आत आपली खीर करायची. तू काय केलंस?"

मुलगा पातेल्याची कड चाचपू लागला.

"नाव घासून टाकलंस," प्रोफेसर म्हणाले, "आणि आत खीरही नाही."

मी फळीआडून सांगितलं, "दाखवून झालं असेल तर पातेलं परत द्या, मला भात टाकायचाय."

त्यांचं आणखी एक वाक्य मला पाठ आहे. ते मुलांना सांगत, "ऐकलेलं लवकर सडतं. पाहिलेलं जरा उशिरा सडतं. सडतं दोन्ही."

आता शालू. शालू माझी नणंद. मी आले तेव्हा परकरातली होती, आणि हे जे सांगते आहे तेव्हा लग्नाला आलेली. कामाला वाघ आणि आवाज असा की नौपाड्यात हाक मारली तर तलावपाळीवर फिरणारी माणसं मागे वळून बघतील. तिला कल्याणचं स्थळ आलं होतं. परबांचा मुलगा ठाकुर्लीला पॉवरहाउसात नोकरीला होता. घरात मुलगा आणि त्याची आई, बस. दोघं येऊन मुलगी बघून गेले, पसंती झाली, सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. शालू मला विचारायची, "वहिनी, पॉवरहाउसात जेवायला घरी सोडतात का गं?" यावरून काय ते समजावं.

आणि मध्यस्थ दारात आला. चहा घेतला नाही. उभ्यानेच म्हणाला, "परब नको म्हणतात. मुलीला क्षय आहे असं त्यांना कळलंय."

त्या काळात क्षयाचं नाव निघालं की झालं. मग तो खरा असो नाहीतर खोटा, त्या घरावरून माणसं पुढे जात. हे स्थळ गेलं असतं तर दुसरं आलं नसतं. शालू रडली वगैरे नाही. ती बोलायची थांबली. नळावर गेली तरी गप्प, कोणी तिची बादली मागे सारली तरी गप्प. त्यावरून मला कळलं की हिने मनाला लावून घेतलंय.

मला गोडबोलेबाईंचा संशय होता. पदर खोचून मी खाली निघाले, तर प्रोफेसर दारात उभे. त्यांना फळीतून सगळं ऐकू गेलं होतं.

"वहिनी, भांडण नंतर. आधी सांगा, परबांना हे कोणी सांगितलं?"

"ही खालचीच असणार."

"पाहिलंत की ऐकलंत?"

"ओळखलं."

"ओळखलं असा प्रकार नसतो," ते म्हणाले. "उद्या कल्याणला जाऊ. परबांपासून सुरुवात करू आणि मागे मागे जाऊ. कुठेतरी पहिला माणूस असतोच."

आमच्या ह्यांची पाळी होती, त्यांना रजा मिळेना. ते म्हणाले, "तू जा प्रोफेसरांबरोबर. लोक काही बोलणार नाहीत. बोलले तर प्रोफेसर पुरावा मागतील."

परबांचं घर पारनाक्याच्या जवळ होतं. परबकाकू दारातच चटईवर पापड वाळत घालत होत्या. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला नाही, पण बसा म्हणाल्या. प्रोफेसरांनी छत्री भिंतीला टेकवली आणि सरळ विचारलं, "मुलीच्या दुखण्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगितलं कोणी तरी. नाव कशाला हवं?"

"नावाशिवाय पुढे जाता येत नाही."

परबकाकूंनी जरा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि पलीकडच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "इंदू, ए इंदू! ये गं जरा."

इंदूताई आल्या, हात पुसत. त्या काही घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, "हो, मीच सांगितलं. शेजारीण आहे, सांगू नको तर काय करू? आणि मला काय स्वप्न पडलं? आमच्या वसंताने सांगितलं. तो त्याच चाळीत जातो शिकायला. त्याला त्याच्या प्रोफेसरांनी सांगितलं."

"कोणत्या प्रोफेसरांनी?" आठल्ये म्हणाले.

"कोण ते? आठल्ये का कोण."

मी प्रोफेसरांकडे बघितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, हातात धरली आणि परत कानावर ठेवली.

"वसंताला बोलवा," ते म्हणाले.

वसंता शर्टाची बटणं लावत आला आणि बघून चकितच झाला. "सर! तुम्ही इकडे?"

"बस. शालूला क्षय आहे असं मी तुला कधी सांगितलं?"

वसंता बसला नाही. "सर, तो रविवार नाही का, सगळे खोकत होते. तेव्हा तुम्ही म्हणालात की पलीकडे एक मुलगी खोकते आहे... आणि तिला क्षय... मला गाडी गाठायची होती, मी जरा लवकर निघालो. मग आईने घरी विचारलं की सरांच्या शेजारची मुलगी कशी आहे, परबांकडे बोलणं चाललंय. मी म्हटलं, खोकते. सर क्षयाचं काहीतरी बोलत होते."

तो रविवार माझ्या डोळ्यांपुढे आला. मी आणि शालू वर्षाचा मसाला करत होतो. मी मिरच्या भाजत होते, ती कुटत होती. सगळी चाळ खोकत होती. गोडबोलेबाई तर खालून शिव्या देत होत्या. मुसळाच्या आवाजात पलीकडे काय शिकवणं चाललंय ते मला ऐकू आलं नव्हतं.

प्रोफेसरांना मात्र शब्द न् शब्द आठवला. त्यांनी तो तिथेच म्हणून दाखवला, वर्गात म्हणतात तसा. "मी म्हणालो, पलीकडे एक मुलगी खोकते आहे. समजा, तुम्ही लिहिलंत की तिला क्षय आहे. आधार काय? खोकला. पण इथे तर आपण सगळेच खोकतो आहोत. तेव्हा आधार पुरत नाही, आणि असं लिहिणं चूक. वसंता, ‘समजा’ तुझ्या गाडीत राहिला, आणि ‘चूक’ ऐकायला तू थांबला नाहीस."

वसंता खाली बघत म्हणाला, "चुकलं सर."

"तुझं निम्मं चुकलं. निम्मं माझं. जिवंत माणसाचं उदाहरण द्यायचं नसतं." मग ते परबकाकूंकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, ही गोष्ट माझ्यापासून निघाली. तिच्यामागे दुसरं कोणी नाही."

मला हायसं वाटलं. परबकाकूंचा चेहराही सैल झाला. त्या म्हणाल्या, "म्हणजे मुलीला क्षय नाही. असंच ना?"

इथे कोणीही हो म्हटलं असतं. कुत्र्याला विचारलं असतं तर त्यानेही शेपूट हलवलं असतं.

प्रोफेसर म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. मी डॉक्टर नाही. आहे असं म्हणायला आधार नाही, एवढंच मी सांगू शकतो."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला. मी म्हटलं, "नाही हो काकू, पोर ठणठणीत आहे. रोज दोन माणसांचं काम करते."

"तू तिची वहिनी," परबकाकू म्हणाल्या. "तू तसंच म्हणणार."

"बरोबर आहे," प्रोफेसर म्हणाले. "यांची साक्ष एकतर्फी आहे."

परबकाकू उठून पापड उलटायला लागल्या. "बघू," म्हणाल्या. बघू म्हणजे नाही, हे सगळ्या जगाला कळतं.

स्टेशनपर्यंत टांग्यात आणि तिथून ठाण्यापर्यंत गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही. ठाणं आलं तेव्हा राहवलं नाही. "भावोजी, एक ‘नाही’ म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"कशाच्या आधारावर म्हणू?"

"शेजारी राहता ना?"

"फळीपलीकडे," ते म्हणाले. "मला फक्त ऐकू येतं."

मी घरी जाऊन शालूला सांगितलं की आशा सोड. ती म्हणाली, "सोडली." आणि धुण्याची बादली घेऊन खाली गेली. त्यानंतर कित्येक दिवस ती अशीच, लाकडाच्या बाहुलीसारखी कामं करत होती. प्रोफेसर जिन्यात दिसले की ती वाट सोडून उभी राहायची. ते मान खाली घालून उतरायचे. माईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, ताट नुसतं सरकवायच्या.

मग एके सकाळी नळावर गोडबोलेबाईंनी शालूची घागर काढून आपली लावली. आणि वर म्हणाल्या, "दुखणाइताने मागून भरावं."

शालूचं इतके दिवस साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "दुखणाइत कोण गं? कोण दुखणाइत? तुझ्या पाच पिढ्यांना पुरून उरेन मी! ये, ये इकडे, बघते तुझी घागर!" पुढचं लिहीत नाही. अख्खी चाळ गॅलरीत आली. मी जिना उतरायला लागले आणि थबकले. जिन्याच्या तोंडाशी, हातात पिशवी घेऊन परबकाकू उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी मनात म्हटलं, आता उरलंसुरलंही गेलं. आधी क्षय होता, आता कजाग झाली.

शालूचं चालूच होतं. दम घ्यायला म्हणून ती थांबली नाही. बोलता बोलता भरलेली घागर तिने डोक्यावर घेतली, दुसरी काखेत मारली आणि मागे वळून गोडबोलेबाईंचा उद्धार करत तडातडा जिना चढली. परबकाकूंना ओलांडून गेली, ओळखलंही नाही.

परबकाकू तिच्यामागून वर आल्या. पाणी मागितलं. प्यायल्या. मला म्हणाल्या, "एवढा जिना चढली, पण एकदाही दम लागला नाही. छाती चांगली आहे मुलीची."

मी त्यांना बसायला पाट दिला.

"आमच्या मुलाचा आवाज लहान आहे," त्या म्हणाल्या. "घरात एक तरी मोठा हवा." मग फळीकडे बोट केलं. "ते मास्तर इथेच राहतात ना? आजपर्यंत मुलींची किती माणसं आली, प्रत्येकाने छातीठोक सांगितलं की मुलगी निरोगी आहे. हा पहिलाच म्हणाला, मला ठाऊक नाही. म्हटलं, मग आपणच जाऊन बघावं."

फळीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पण ते आले नाहीत.

शालूचं लग्न त्याच हंगामात झालं. आमचं मामाचं पातेलंही कार्यात वापरलं आणि नावानिशी परत आलं. त्यानंतर प्रोफेसर रविवारी मुलांना उदाहरणं द्यायचे ती सगळी मेलेल्या राजांची. पुढे ते माईंना घेऊन डोंबिवलीला राहायला गेले. रविवारची मुलंही तिकडे गेली. आमच्याकडे फळीपलीकडे एक शिंपी आला. मशीनशिवाय दुसरा आवाज नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शालूच्या मुलाच्या बारशाला, कल्याणला. तोच कोट, तीच छत्री. बाळ कोणावर गेलंय म्हणून बायकांनी त्यांना विचारलं. त्यांनी वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, "अजून सांगता येत नाही." बायका हसल्या. वसंताही आला होता, एम.ए. झाला होता.

पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि परबकाकूंना रंग चढला. खोली माणसांनी भरलेली. प्रोफेसरांकडे हात करून त्या म्हणाल्या, "ह्या सुनेचं पुण्य ह्या मास्तरांचं हो. लोकांनी नाही नाही ते उठवलं होतं. हे इतके लांबून आले, माझ्यासमोर बसले, आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, मुलगी खणखणीत आहे, मी जामीन!"

काकू तेव्हा स्वतः तिथे होत्या. पापड त्यांचेच होते. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तसंच आठवत होतं.

प्रोफेसरांनी बोट वर केलं. वर्गात थांबा म्हणताना करत तसं. तोंड उघडलं. मी समोर बसले होते. शालू पाळण्याची दोरी धरून त्यांच्याकडे बघत होती, चेहरा सगळा हसरा. त्यांनी तिच्याकडे बघितलं, परबकाकूंकडे बघितलं. बोट खाली घेतलं. पुढ्यातल्या द्रोणातल्या चार घुगऱ्या तोंडात टाकल्या आणि त्या बराच वेळ चावत राहिले.

निघताना मी दारापर्यंत गेले. ते वाकून वहाणा घालत होते. वर न बघताच म्हणाले, "वहिनी, मी तसं म्हणालो नव्हतो."

"माहीत आहे."

"तुम्ही होतात तिथे."

"होते."

"मग हरकत नाही," ते म्हणाले. छत्री उघडली आणि पारनाक्याच्या उन्हातून स्टेशनच्या बाजूला चालू लागले.

परबकाकू गेल्या, आणि त्यांची गोष्ट शालूच्या मुलांकडे आली, मुलांकडून नातवंडांकडे. परवाच्या साखरपुड्यात तर प्रोफेसर डॉक्टर झाले होते आणि त्यांनी नाडी तपासली होती. शालू हसत ऐकत होती. तिला मी कधी खरं सांगितलं नाही, आणि तिने कधी विचारलं नाही.

तेव्हा लिहून ठेवते. त्यांनी छातीवर हात ठेवला नव्हता. जामीन राहिले नव्हते. मला सांगता येणार नाही, एवढंच ते म्हणाले. हे ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. नौपाड्याची सावंतवहिनी, म्हणजे मी, त्यांच्या शेजारी बसले होते आणि त्यांच्या पायावर माझा पाय होता.